दिवा म्हणतो ‘पी’

जुन्या जीपमध्ये गिअर दाखवणारा दिवा नसतो. गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे हे तळव्याला कळतं, इंजिनाच्या आवाजावरून कानाला कळतं, आणि आमच्या सातारा-कोल्हापूरकडच्या वडापमध्ये, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये, तर ते पुढे मधोमध बसलेल्या पाहुण्याच्या गुडघ्याला कळायचं. कमांडर असो की ट्रॅक्स, पुढच्या बाकावर ड्रायव्हर धरून चारजण. ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर आणि गिअरचा दांडा कुणातरी सज्जन माणसाच्या दोन पायांच्या मध्ये. ‘‘पावणं, जरा पाय तिकडं घ्या, तिसरा टाकतोय.’’ पाहुणे पाय घ्यायचे. पसरणीचा घाट लागला, दुसरा पडला की पाय पुन्हा इकडे. वाईहून पाचगणीला असं दोनदा गेलेल्या माणसाला गाडी चालवता येत नसली, तरी गिअर कुठे बदलतात ते पाठ झालेलं असे.

या गुडघेदुखीवरचा उपाय खरं तर वडापच्या कितीतरी आधी निघालेला होता. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मोटारवाल्यांनी गिअरचा दांडा जमिनीतून उपटला आणि स्टिअरिंगच्या कॉलमवर नेऊन बसवला. पुढच्या बाकावर तिसरा माणूस ऐसपैस बसू लागला. आपल्याकडे मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीने हीच सोय वर्षानुवर्षं चालवली. त्या टॅक्सीवाल्यांचा डावा हात स्टिअरिंगमागे असा काही फिरायचा की तो गिअर बदलतोय की तबल्यावर बोटं टेकवतोय, ते मागच्याला कळू नये.

जीपनेही हा शौक करून पाहिला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज कंपनीने जो सुरुवातीचा ‘एमए’ नमुना केला, त्याचा गिअर कॉलमवर होता. जेमतेम दीड हजार गाड्या झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा मदत म्हणून रशियाला गेल्या. पुढे लाखांनी निघालेल्या ‘एमबी’त दांडा परत जमिनीवर आला. युद्ध संपल्यावर नागरिकांसाठी ‘सीजे-टूए’ काढली, तेव्हा पहिल्या गाड्यांत गिअर पुन्हा कॉलमवर, आणि १९४६मध्ये पुन्हा खाली. सासर-माहेर इतक्या वेळा करून शेवटी दांडा जमिनीवरच नांदला. माझ्या मते ते बरोबरच झालं. कॉलमवरचा गिअर म्हणजे लांबलचक सळ्या, त्यांचे सांधे, सांध्यांतल्या चकत्या. शहरात हे सगळं शहाण्यासारखं वागतं. चिखलात, दगडधोंड्यांत चकत्या झिजतात, सांधे ढिले होतात, आणि मग दुसरा टाकायला जावं तर तो कुठल्या गल्लीत राहतो तेच सापडत नाही.

‘एमबी’च्या जमिनीवर एक नाही, तीन दांडे होते: एक नेहमीच्या गिअरचा, एक पुढची चाकं जोडायचा, एक ताकदीच्या आणि वेगाच्या गिअरमध्ये अदलाबदल करण्याचा. कुठला कशाचा, याचा नकाशा डॅशबोर्डवरच्या पत्र्यावर कोरलेला. रात्री तो दिसत नसे, पण रात्री नकाशा वाचत बसायची वेळ आलेला सैनिक तसाही फार काळ जीप चालवत नसणार. लँड रोव्हरच्या इंग्रजांनी याहून बरी युक्ती केली. १९४८पासून निघालेल्या त्यांच्या ‘सिरीज’ गाड्यांत पुढे लाल मुठीचा दांडा आणि पिवळी मूठ आली. पिवळी खाली दाबली की चारही चाकं लागतात. दिवा नाही, अक्षर नाही, वाचता न येणाऱ्या माणसालाही समजेल असा कारभार.

कॉलम मात्र रिकामा राहायला तयार नव्हता. फार पूर्वीच फोर्डच्या ‘मॉडेल टी’त स्टिअरिंगखाली डावीकडे ठिणगी पुढेमागे करायची दांडी आणि उजवीकडे इंजिनाचा वेग वाढवायची. त्यानंतर कॉलमच्या त्या शिडीवर काय काय चढलं नाही! जुन्या जीपमध्ये मधोमध फक्त हॉर्नचं बटण होतं. मग वळायच्या दिव्याची काडी आली, सुरुवातीला तर वेगळी विकत आणून पट्टीने आवळलेली. मग चारी दिवे एकदम लुकलुकवायची कळ. मग किल्लीच डॅशबोर्डवरून उतरून कॉलमवर आली आणि गाडी बंद केली की स्टिअरिंगचं चाक जखडू लागली. चाक वरखाली करायची सोय आली, ती जाड ड्रायव्हरांना फार मानवली. पण जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ कारखान्याचे असे झुकणारे कॉलम पुढे जीपमध्येही बसत, आणि त्यांचे आतले चार बोल्ट ढिले झाले की अख्खं चाक हातात डुलू लागतं. ते आवळायला सगळं सोलून आत शिरावं लागतं. मेकॅनिकची मजुरी बोल्टची नसते, सोलण्याची असते. हॉर्नची तारही याच नळीतून जाते. ती घासली की वळताना गाडी आपणहून हॉर्न देते. आपल्या रस्त्यांवर हा दोष कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आणि मग आला ऑटोमॅटिक गिअर. १९६३ची जीप वॅगनीअर ही फोर-व्हील ड्राइव्हच्या जोडीला ऑटोमॅटिक देणाऱ्या पहिल्या काही गाड्यांपैकी. त्याची दांडी पुन्हा कॉलमवर, आणि तिच्यासोबत ‘पी, आर, एन, डी, एल’ अशी अक्षरांची ओळ, त्यावर सरकणारा काटा, मागे करंगळीच्या नखाएवढा दिवा. पुष्कळ गाड्यांत हा काटा कशाने हलतो? दांडीच्या गळ्याला बांधलेल्या एका बारीक तारेने. दुसऱ्या टोकाला स्प्रिंग. तार ताणली की काटा अर्धं घर चुकतो, तुटली की एका कोपऱ्यात जाऊन बसतो. तिच्या जागी मासे धरायची दोरी बांधून काम भागवणारे हौशी लोक अमेरिकेत पैशाला पासरी आहेत. दिव्याचा उजेड डॅशबोर्डच्या बाकी दिव्यांसोबत कमीजास्त होतो; हेडलाइटची मूठ उलटी पिळत गेलात की गिअरची अक्षरं विझतात, आणि तुम्हाला वाटतं बल्ब गेला.

मला गंमत वाटते ती अशी की हाताने गिअर टाकायचे तेव्हा दिवा लागला नाही, आणि गाडी आपणच गिअर टाकू लागली तेव्हा लागला. भाकऱ्या थापणारी बाई घड्याळ बघत नाही; कुकर लावणाऱ्यालाच शिट्ट्या मोजाव्या लागतात. काम दुसऱ्यावर सोपवलं की चौकशी सुरू होते. ऑटोमॅटिकच्या दांडीला पहिला-दुसरा असा खटका नसतो, ती नुसती एका कमानीत सरकते. म्हणून अक्षर हवं, काटा हवा, दिवा हवा.

अक्षरांचा क्रमही पहिल्यापासून असा नव्हता. हायड्रामॅटिक या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मागे जायचा गिअर टोकाला, ‘लो’च्या शेजारी असे. चिखलात रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढणाऱ्यांना हा शेजार फार प्रिय होता. पण पुढे जाऊ म्हणणारे चुकून मागे जाऊ लागले. १९६८पासून अमेरिकी सरकारने नियम केला: पुढच्या आणि मागच्या गिअरमध्ये ‘न्यूट्रल’ हवाच, आणि अक्षरं चालकाच्या नजरेसमोर हवीत. चिखलवाले हळहळले. त्यांची हळहळ मला समजते, पण नियम बरोबर होता.

तरीही दिव्यावर किती विसंबावं, याचा निवाडा सरकारी दफ्तरांतच पडला आहे. सत्तरच्या दशकात फोर्डच्या ऑटोमॅटिक गाड्या ‘पी’मध्ये, म्हणजे ‘पार्क’मध्ये, ठेवल्या तरी घसरून मागे जातात, अशा तक्रारी ढिगाने आल्या. १९८०च्या अखेरीस सरकार आणि फोर्डमध्ये तडजोड झाली. गाड्या परत बोलावल्या नाहीत. सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायला इशाऱ्याच्या पट्ट्या पाठवल्या. दोषावर कागद चिकटवायची ही कला आपलीच असं मी उगाच समजत होतो. मग २०१६मध्ये फियाट क्रायस्लरने जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत जीप ग्रँड चेरोकीही होती. तिची नवी दांडी ढकलली की पुन्हा मधोमध येऊन उभी राहायची, गिअर कुठला ते फक्त उजळलेली अक्षरं सांगणार. लोक गाडी ‘पी’त आहे असं समजून खाली उतरत होते आणि गाडी चालू लागत होती.

फोर्डच्या त्या पट्टीवर जे लिहिलं होतं, तेच आमचा वडापवाला उतारावर गाडी लावताना न वाचता करायचा. दिवा काहीही म्हणो, उतरण्याआधी हँडब्रेक ओढा, आणि उतार असेल तर चाकाखाली एक दगडही लावा.