डाळिंबी की आमसुली

आमच्या घरात रंगाचं ज्ञान एकाच व्यक्तीकडे आहे आणि ती व्यक्ती मी नव्हे. मला लाल म्हणजे लाल. हिच्या लेखी त्या लालाचं मोठं एकत्र कुटुंब आहे: शेंदरी, कुसुंबी, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, आणि यातल्या कुणाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारली तर अपमान होतो. मराठीत रंगांची नावं कुणीतरी रिकाम्या पोटी ठेवली असावीत. लिंबू, वांगी, जांभळा भाजीबाजारातले, बदामी आणि पिस्ता सुक्या मेव्याच्या दुकानातले, आणि एवढं होऊन भूक उरलीच तर श्रीखंडी.

या नावांची कपाटभर वस्त्रं ज्या घरात आहेत, त्या घराच्या भिंती तीस वर्षं ऑफ व्हाइट होत्या. चार वेळा रंग काढला, चारही वेळा ऑफ व्हाइट. हा रंग म्हणजे भिंत मळायच्या आधीच आपण हाताने थोडी मळवून ठेवणं. पाहुणा येऊन जातो, भिंत कुठली होती ते त्याला आठवत नाही. प्रत्येक वेळी कारण तेच: फिका रंग खोली मोठी दाखवतो, आणि उद्या घर विकायचं झालं तर गिऱ्हाइकाला आवडला पाहिजे. घर विकायचं आमच्या मनातही नव्हतं. पण कधीच न येणाऱ्या त्या गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडी सांभाळत आम्ही तीन दशकं त्याचे पोटभाडेकरू असल्यासारखे राहिलो.

लहानपणी निवड करायचा प्रश्नच नव्हता. दिवाळीआधी पिंपात कळीचा चुना पडे, पाणी ओतलं की रटरट उकळे, मग त्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ. ओला असताना चुना मळकट दिसायचा, वाळला की लख्ख. भिंतीला टेकलं की पाठ पांढरी, म्हणून शहाण्या घरांत खालच्या तीन फुटांना हिरवा नाहीतर तपकिरी ऑइलपेंट. त्या पट्ट्याच्या वर, खुर्चीत बसणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर, खोबरेल तेलाचा एक गोल डाग असे. आमच्या घरातला डाग आजोबांचा होता. आजोबा गेले, चुन्याचे दोन हात झाले, तरी डाग वर येतच राहिला. त्या काळात रंगांमधला सगळा खट्याळपणा जाहिरातीतल्या एकाच पोराने करून घेतला: एशियन पेंट्सचा गट्टू, कपाळावर बट आणि हातात ब्रश. आर. के. लक्ष्मण यांनी त्याला १९५४ साली काढला. गट्टूला मी फार मानत असे. पण तो आमच्या घरी कधी आला नाही.

मग आम्ही गोव्याला गेलो. पणजीच्या फोंताइन्यशमध्ये, त्या अरुंद गल्ल्यांत, गडद निळ्या, पिवळ्या आणि विटकरी भिंतींसमोर आमचे चाळीसेक फोटो झाले. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असायचा आणि घरं रंगीत ठेवायची, पावसाळा सरला की दरवर्षी नव्याने रंगवायची, अशी पोर्तुगीज काळातली रीत तिथे सांगतात. परत आल्यावर सोफ्यावर बसून फोटो बघताना ही म्हणाली, "फोटो काढायला लोकांच्या भिंती आणि राहायला ही?" तिने 'ही' म्हणताना भिंतीकडे पाहिलं, असं मी मानून चालतो.

रंगारी आला. तडजोड म्हणून मी 'हायलाइट वॉल' सुचवली. एकच भिंत गडद, बाकीच्या तीन तिच्यावर नजर ठेवायला. हे म्हणजे समुद्रावर जाऊन पँट घोट्यापर्यंत दुमडून उभं राहणं. ही म्हणाली, "चारही भिंती. डाळिंबी." रंगारी माझ्याकडे वळला. "काका, खोली लहान दिसेल. सगळे लाइटच घेतात." त्याच्या आवाजात डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशी काळजी होती.

दुकानात मशीनने कोडनुसार बेसमध्ये रंगाचे थेंब सोडले, डबा गदागदा हलवला, आणि मालकाने शांतपणे सांगितलं, "एकदा कालवलेला माल परत घेत नाही." लग्नाच्या बोलणीतसुद्धा इतका स्पष्टपणा नसतो.

पहिला हात झाला आणि मी जेवलो नाही. भिंतीवर पट्टे, मधूनमधून जुना ऑफ व्हाइट डोकावतोय, एकूण दृश्य पंचनाम्याआधीचं. रंगाऱ्याने समजावलं ते असं: फिक्या रंगाच्या बेसमध्ये पांढरं भरपूर असतं, ते खालचं सगळं झाकून टाकतं. गडद रंगाच्या बेसमध्ये ते जवळजवळ नसतंच, म्हणून तीन-चार हात द्यावे लागतात. शिवाय हा रंग चुन्याच्या उलट, वाळला की आणखी गडद होतो. आणि शेड कार्डावरचा दोन बोटांचा तुकडा काय सांगणार? खोलीत चार भिंती एकमेकींवर लाली फेकतात, प्रत्येकीमुळे दुसरी जास्तच डाळिंबी होते. चौथ्या हातानंतर, दुपारच्या उजेडात, खोली खरोखर दाण्यादाण्याने भरल्यासारखी दिसली. मी जेवलो.

संध्याकाळी ट्यूबलाइट लावली आणि डाळिंबाचं आमसूल झालं.

मी घाबरून हिला हाक मारली. तिने एकदा भिंतीकडे, एकदा ट्यूबकडे पाहिलं. "साडी घेताना दुकानाच्या दारात नेऊन उजेडात का बघतात, असं दर वेळी विचारतोस ना?" खरंच विचारत असे, आणि दर वेळी घड्याळही बघत असे. शेड कार्ड आणलं तेव्हा मात्र मी ते ट्यूबखालीच पाहून 'छान आहे' म्हटलं होतं, हात-दोन हात भिंतीवर रंग लावून सकाळ-दुपार-रात्र बघायचं सोडून. पिवळ्या उजेडाचे दोन दिवे आणले. डाळिंब परत आलं.

सोसायटीत बातमी पसरली. शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "देवीचं मंदिर वाटतंय." मी तयारीत होतो. त्यांना सांगितलं की मोने हा केवढा मोठा चित्रकार, १८८३ पासून १९२६ साली मरेपर्यंत जिवर्नीच्या घरात राहिला आणि जेवणघर त्याने पिवळ्याच्या दोन छटांत रंगवलं, भिंतीच नव्हे, कपाटंसुद्धा. काकांनी विचार केला. "त्यांचं स्वतंत्र घर असेल. सोसायटी नसेल."

त्यांचंही चुकलं नव्हतं. डाळिंबी भिंतीसमोर आमचा सोफा अचानक उघडा पडला. पडदे आजारी दिसू लागले. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र, ज्याच्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं, सोन्याच्या चौकटीत बसवल्यासारखं उठून दिसत होतं. ऑफ व्हाइटने तीस वर्षं सगळ्यांना सांभाळून घेतलं होतं, एवढं त्याच्या बाजूने बोललं पाहिजे.

गेल्या रविवारी आत्या आली. वय पंच्याऐंशी, नजर अजून तीक्ष्ण. चहा तसाच ठेवून ती उठली, चारही भिंती फिरून आली. मग एका कोपऱ्यात थांबून तिने तर्जनी जिभेला लावली, भिंतीवर जोरात घासली, आणि बोट खिडकीच्या उजेडात धरून निरखलं.

"अंग छान आहे," ती हिला म्हणाली. "पण रंग जात नाही ना गं?"

"पहिल्या धुण्यात कळेल, आत्या," ही म्हणाली.