नुसतं टक्

गाडी सुरू होत नाही हे कळायला एक सेकंदही लागत नाही. ते पटायला मात्र पंधरा मिनिटं जातात. त्या पंधरा मिनिटांत मी चावी काढून पुन्हा घातली, हलक्या हाताने फिरवली, झटक्याने फिरवली, सीट पुढे घेतलं, सीट मागे घेतलं, काही कारण नसताना बेल्ट लावला. एकदा तर दार उघडून खाली उतरलो, दार लावलं आणि पुन्हा आत येऊन बसलो. कॉम्प्युटर अडकला की बंद करून चालू करतात, तसं मी स्वतःलाच बंद करून चालू केलं. गाडीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. टक्.

मार्गशीर्षातली सकाळ होती आणि नाशिकची थंडी. निफाडचा पारा किती उतरला हे पेपरात पहिल्या पानावर यायचे ते दिवस. संगमनेरला बायकोच्या मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा, मुहूर्त साडेअकराचा. बायको शेजारच्या सीटवर पैठणीत, मांडीवर पेढ्यांचे दोन बॉक्स. तिने एवढंच विचारलं, "उतरू का?" मी म्हटलं, "बस, होईल आत्ता." टक्.

सुरू न होणाऱ्या गाडीचेही प्रकार असतात, आणि ते सगळे आवाजावरून ओळखायचे. चावी फिरवल्यावर घुर्र-घुर्र-घुर्र असं इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोघं आपलं काम करताहेत. पेट्रोल तरी येत नाही, नाहीतर ठिणगी तरी पडत नाही. तेव्हा कान मागच्या सीटकडे लावायचा. चावी फिरवून सेल्फ मारायच्या आधी दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पेट्रोलचा पंप. घुर्र मंद होत होत आजारी माणसासारखं विझत गेलं, तर बॅटरी उतरली. टकटकटकटक असं सुतारपक्ष्यासारखं वाजलं तरी बहुधा बॅटरीच: सोलेनॉइड ओढून धरतो, मोटरला करंट देतो, त्या ओझ्याने व्होल्टेज कोसळतं, तो सोडून देतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा धरतो. काहीच वाजलं नाही तर आधी आपलीच चूक शोधायची, कारण क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाड्या असतात आणि क्लच दाबायला विसरणारे मालक त्याहून जास्त. राहिलं ते नुसतं टक्, एकदाच. ते सगळ्यात फसवं. बॅटरी, सेल्फ, वायर, कोणीही असू शकतं. घरातला एखादा माणूस 'हं' म्हणतो आणि गप्प बसतो, तसला प्रकार.

स्टार्टर मोटरला आपल्याकडे सरसकट 'सेल्फ' म्हणतात. पहिली गाडी घेतली तेव्हा गॅरेजमध्ये मला कोणीतरी सांगितलं होतं, "साहेब, तुमचा सेल्फ वीक झालाय." मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

हा सेल्फ येण्याआधी हँडल होतं. माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीत सेल्फ होता तरी डिकीत हँडल असायचंच, आणि थंडीत तेच बाहेर निघायचं. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून गुंडाळायचा नाही, हे त्यांनी मला पोहण्याआधी शिकवलं. इंजिन उलटं लाथ मारतं तेव्हा हँडल अंगठा मोडून जातं. अमेरिकेत या उलट्या लाथेने हात आणि जबडे मोडलेल्यांची कमी नव्हती. मग १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला. हा माणूस आधी नॅशनल कॅश रजिस्टरमध्ये होता आणि दुकानाच्या गल्ल्याला त्याने विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याच्या मोटरला दिवसभर फिरायचं नसतं, क्षणभर जोर लावला की तिचं काम संपतं. म्हणून छोट्या मोटरकडून तेवढ्यापुरतं तिच्या ऐपतीबाहेरचं काम काढून घेता येतं. तोच हिशेब इंजिनाला लावला. आजही सेल्फ सलग दहा सेकंदांहून जास्त मारू नये म्हणतात ते त्यामुळेच. पाहुण्याला एखादं टेबल उचलायला सांगता येतं, घर बदलायला नाही.

एव्हाना तळघरातल्या पार्किंगमध्ये माणसं जमू लागली होती. बंद गाडी आणि उघडं बॉनेट यांच्याभोवती पुरुष कुठून गोळा होतात हे एक कोडंच आहे. दूध आणायला निघालेले, फिरून आलेले, एकजण तर ब्रश तोंडात घेऊन. सगळ्यांनी आधी बॉनेटमध्ये डोकावलं. आतलं काही कळो न कळो, डोकावल्याशिवाय मत द्यायचं नाही एवढी शिस्त आमच्या सोसायटीत आहे.

"हॉर्न वाजवा," दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणाले. मी वाजवला. खणखणीत. "लाइट?" समोरच्या भिंतीवर पांढरेशुभ्र दोन गोल. "मग बॅटरी ओके. सेल्फच गेला." ब्रशवाल्यांनी तोंडातल्या फेसासकट दुजोरा दिला. कोणी जंपर केबलची आठवण काढली. केबल सोसायटीत होती, पण ती ज्यांच्या डिकीत होती ते पहाटेच शिर्डीला गेले होते.

"धक्का मारू," असा ठराव झाला. सेकंड गिअर, चावी ऑन, क्लच दाबून ठेवायचा, वेग आला की सोडायचा. ठरावाला सगळ्यांचा पाठिंबा होता, पण पार्किंगमधून बाहेर पडायला रॅम्प आहे आणि तो वर चढतो. आतल्या आत धक्का मारायचा तर तिसऱ्या खांबापाशी थांबावं लागलं असतं.

एसटीतून निवृत्त झालेले तळमजल्यावरचे काका इतका वेळ मफलर गुंडाळून लांबून बघत होते. ते म्हणाले, "अरे, आमचे मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर गावात गेल्यावर आधी काय बघायचे? जेवण नाही, झोपायची जागा नाही. उतार बघायचे. उतारावर तोंड करून गाडी लावायची, चाकाला दगड. सकाळी दगड काढला की गाडी आपोआप सुरू. तू रात्री गाडी खड्ड्यात लावतोस आणि सकाळी रडतोस." आमच्या लाखो रुपयांच्या कव्हर्ड पार्किंगला खड्डा म्हणणारे ते पहिलेच.

शेवटी उस्तादांना फोन लावला. आमचे उस्ताद गॅरेज दहाला उघडतात आणि साडेआठला फोन उचलतात, यापेक्षा मोठा सद्गुण मला माहीत नाही.

"साहेब, आवाज काय येतोय?"

"टक् असा."

"कसा?"

"टक्."

"टक् की टॅक्?"

मी बारा माणसांसमोर उभा होतो. जाकीट, इस्त्रीची पँट, कपाळाला मघाशी देवाला नमस्कार करताना लावलेलं गंध. घसा साफ करून म्हटलं, "टक्." इंजिनिअर म्हणाले, "नाही हो, जरा जड आहे, ठक् सारखा." ब्रशवाल्यांचं म्हणणं 'च' होता. मी फोन बॉनेटजवळ धरला आणि बायकोला चावी फिरवायला सांगितली. पलीकडून उस्ताद ओरडले, "फोन नका धरू साहेब, फोनमध्ये सगळे आवाज सारखेच येतात. माणसाने करून दाखवलेला कळतो."

तेवढ्यात पेढ्यांचे बॉक्स डॅशबोर्डवर ठेवून बायको उतरली आणि तिने फोन माझ्या हातून घेतला. "भाऊ, ऐका. मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही आणि बटण दाबलं की कसं होतं, तसं. टक् होतं आणि मग आत काहीतरी फिरायचं राहून गेल्यासारखं. आणि टक् झालं की वरचा दिवा एकदम बारीक होतो. चावी सोडली की पुन्हा मोठा."

तो दिवा मी बघितलाच नव्हता. सगळे बॉनेटमध्ये डोकावत होतो. ती आत बसून छताकडे बघत होती.

पलीकडे क्षणभर शांतता. मग उस्ताद म्हणाले, "वहिनी, बॅटरीच्या दोन टोप्या असतात ना, लाल आणि काळी? साहेबांना सांगा, काळी हाताने फिरते का बघा. फिरायला नको. पान्याशिवाय हलता कामा नये."

मी हात घातला. काळं टर्मिनल बरणीच्या झाकणासारखं फिरलं. पितळी कड्याच्या आतल्या बाजूला आणि शिशाच्या खुंटीच्या बुडाशी पांढरट हिरवा, कडेला निळसर थर साचला होता, भिंतीला लोणा येतो तसा खरबरीत. आजोळी द्राक्षाच्या बागेत फवारणीच्या दिवसांत पिंपाच्या काठावर मोरचूद असा वाळलेला असायचा. निळसर रंग बहुधा त्याच कुळातला, तांब्यावर आम्लाने केलेला.

इंजिनिअरांना मात्र हे पटेना. हॉर्न वाजतो, लाइट लागतात, मग करंट नाही कसा? फोन स्पीकरवर होता. उस्ताद म्हणाले, "साहेब, बोळातून एक माणूस जातो. वरात जात नाही." हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फला लहान गाडीतही शंभर-दीडशे लागतात. थर चढलेल्या, सैल जोडातून चार-पाच गुमान निघून जातात. शंभर एकदम आले की सगळं व्होल्टेज त्या दारातच खर्च होतं. त्यात थंडीने बॅटरी मंद, ऑइल घट्ट. एरवी हाच जोड कसाबसा तग धरून होता; निफाडचा पारा उतरला आणि त्याने मान टाकली.

पुढचं काम स्वयंपाकघरातल्या सामानाने झालं. काळी वायर आधी सोडायची, लाल नंतर, आणि जोडताना काळी शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. हे काकांनी माझ्या हातावर हलकी चापट मारून सांगितलं. खायचा सोडा घालून गरम पाणी ओतलं तशी खुंटी फसफसली, अगदी ढोकळ्याचं पीठ फसफसतं तशी. घरच्या जुन्या टूथब्रशने घासलं. (तोंडातल्या ब्रशवर काही काळ आमचा डोळा होता.) कोरडं करून दहा नंबरच्या पान्याने आवळलं, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं.

चावी फिरवली. घुर्र, आणि लगेच इंजिन. टाळ्या पडल्या. इंजिनिअर म्हणाले, "तरी सेल्फ एकदा चेक करून घ्या." मतापासून हटणं त्यांच्या रक्तात नाही.

मोहदरी घाट चढेपर्यंत आम्ही काही बोललो नाही. दोघंही आवाज ऐकत होतो. सिन्नरला चहासाठी थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "बंद करू नका." मी म्हटलं, "टर्मिनल आवळलंय, आता काही होत नाही." "मला माहितीये. तरी बंद करू नका." म्हणून आळीपाळीने चहा प्यायलो, एकजण टपरीवर, एकजण चालू गाडीत, आणि टपरीवाला आमच्याकडे पळून चाललेलं जोडपं असल्यासारखा बघत राहिला.

कार्यालयाच्या दारातच पार्किंग होतं, सपाट, फरसबंद, बाणबिण काढलेलं. वॉचमनने शिटी वाजवून आत यायची खूण केली. मी मान हलवली आणि गाडी तशीच पुढे नेली. दोनशे पावलांवर रस्ता नदीकडे उतरत होता. तिथे तोंड खाली करून गाडी लावली, हँडब्रेक ओढला, फर्स्ट गिअर टाकला. बायको पदर सावरत, पेढ्यांचे बॉक्स घेऊन उतरली. एवढ्या लांब का लावली म्हणून ओरडेल असं वाटलं होतं. ती रस्त्याच्या कडेला खाली बघत उभी राहिली, बॉक्स माझ्या हातात दिले, वाकली आणि चाकापुढे ठेवण्याजोगा एक बरासा दगड उचलला.