श्वेतपुष्पाची वहिवाट

जालना शहरात वनस्पतीला नुसते जगून भागत नाही. तिला आपला उपयोग सांगावा लागतो. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण जे गाव स्वतःविषयी अभिमानाने ऐकवते, जेथे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिकोची स्थापना करून बियाण्यासारख्या मूठभर वस्तूचा मोठा व्यवसाय उभा केला आणि 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला, जेथील मोसंबीलाही भौगोलिक मानांकनाचा दस्तऐवज प्राप्त झाला आहे आणि जेथे गंजलेले भंगारसुद्धा भट्टीतून सळई होऊन बाहेर पडल्याखेरीज सुटत नाही, त्या गावात एखाद्याने केवळ पांढरी फुले पाहण्याकरिता परसात झुडूप लावले, तर शेजारीपाजारी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर महसूल खात्यातील माझ्या प्रदीर्घ कारकुनीत मी एकदाच पाहिली होती. त्या दिवशी एक गृहस्थ कचेरीत आला आणि 'काही काम नाही, सहज आलो' असे म्हणाला.

या झुडपाचे शास्त्रीय नाव साल्व्हिया ग्रेगी. साल्व्हिया म्हटले की आपल्याकडे सरकारी इमारतींच्या दारातील कुंड्यांमधले, कोणी बडे पाहुणे येणार असले म्हणजे एका रात्रीत प्रकट होणारे लालभडक तुरे डोळ्यांसमोर येतात. पण ते ब्राझीलचे आणि स्वभावाने फार शिष्टाचारी. माझे झुडूप मेक्सिको आणि टेक्सास यांच्या खडकाळ, रखरखीत मुलखातले, कमरेइतक्या उंचीचे, खाली काष्ठमय आणि वर कोवळे. मुळात हे लाल फुलांचे, परंतु त्यातच एक शुभ्र फुलांचा प्रकार आहे आणि तोच पुण्याहून एका स्नेह्यामार्फत माझ्याकडे आला. जोसाया ग्रेग नावाचा एक अमेरिकी व्यापारी, तांड्यांबरोबर माल घेऊन हिंडता हिंडता झाडेझुडपे गोळा करीत असे. तो 1850 साली वारला, आणि आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे नाव लावून या झुडपाची शास्त्रोक्त नोंद केली ती 1870 साली. मूळ इसम मयत झाल्यावर वीस वर्षांनी प्रकरण निकाली निघाल्याचे वाचून, समुद्रापलीकडच्या त्या शास्त्राविषयी माझ्या मनात एकदम आपलेपणा उत्पन्न झाला.

जमिनीचा प्रश्न मात्र बिकट होता. आमची काळी माती कापसावर आणि तुरीवर माया करते, परंतु पावसाळ्यात ती फुगून पाणी पोटाशी धरून बसते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की तीत एकदा माझी चष्म्याची डबी गडप झाली. ज्या झाडाला पायाशी पाणी साचलेले क्षणभर सहन होत नाही, त्याला ही माती म्हणजे मूळकुजीचे साक्षात आमंत्रण. म्हणून मी मुरूम, विटांचे तुकडे आणि थोडे शेणखत यांचा हातभर उंच ओटा बांधवून घेतला. आमच्याकडे बागकामाला येणारे मामा, ज्यांची हयात मोसंबीच्या बागांत गेली आहे, ते ओट्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, झाड लावायचंय का समाधी बांधायचीय?" पुढे त्यांना रोज पाणी घालण्याची मनाई केली तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली की मला या झाडाचा काही जुना सूड घ्यावयाचा आहे.

रोप मात्र रुजले, आणि त्याबरोबर चौकशीचे सत्र सुरू झाले. याला फळ येते काय? नाही. भाजी होते काय? नाही. मग काढा? युरोपात त्याच्या एका भावाचा मसाला आणि औषध म्हणून शतकानुशतके लौकिक आहे, असे मी सांगू लागलो की लोक विचारीत, "त्या भावाला का नाही आणलं?" अखेर माझी सारी भिस्त मी घराण्यावर ठेवली. हे तुळशीच्या कुळातले झाड आहे, असे मी सांगू लागलो, आणि ते सत्यच होते. खोड चौकोनी, पाने समोरासमोर, फूल दोन ओठांचे, अशी या कुळाची ओळख. पुदिना, सब्जा, ओवा म्हणून आपण कुंडीत लावतो ते जाड पानांचे रोप, गणपतीच्या पत्रीतला मरवा, हे सगळे सगोत्र. आणि शास्त्रज्ञांनी अलीकडे वंशावळ पुन्हा तपासली तेव्हा निर्गुडी, एवढेच नव्हे तर साक्षात सागवानही याच कुळात दाखल करावे लागले. शेजारच्या वहिनींना यातले सागवान विशेष भावले. हे झाड पुढे मोठे होऊन दाराच्या चौकटीला उपयोगी पडेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली व मी ती दुरुस्त केली नाही. गल्लीतल्या शेळीचे समाधान मात्र कुळाच्या महतीने झाले नाही. तिने एक पान हुंगले, माझ्याकडे पाहिले, आणि पलीकडच्या बाभळीकडे निघून गेली.

आषाढात पहिला बरा पाऊस झाला आणि ओट्यावर, साल्व्हियाच्या अगदी शेजारी, एक बिनबोलावता इसम येऊन बसला. चौकोनी खोड, समोरासमोर पाने, आणि शेंड्याकडे गोलगोल गुच्छांत इवलीशी पांढरी फुले. संस्कृतात त्याला द्रोणपुष्पी म्हणतात, शिवारात तुंबा. म्हणजे कूळ तेच, रंग तोच. फरक इतकाच की एकाला आणण्यासाठी मी पुण्यापर्यंत खटपट केली होती, आणि दुसऱ्याने अर्ज, मुचलका किंवा ओटाभाडे यांपैकी काहीही न भरता कब्जा घेतला होता. मामा खुरपे घेऊन सरसावले. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती बाहेर आल्या आणि त्यांनी त्यांना जागच्या जागी थांबवले. तुंब्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, त्यांच्या माहेरी पावसाळ्यात ती एकदा तरी व्हायचीच, आणि त्याचे फूल श्रावणात महादेवाला वाहतात, अशी दुहेरी उपयुक्तता त्यांनी एका दमात सिद्ध केली. शेवटी साल्व्हियाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "काढायचं तर ते काढा. त्याचं काय होतं?"

मी ते काढू दिले नाही, कारण तोवर त्याला फुले आली होती आणि माझी सकाळ त्याच्यासमोर खुर्ची टाकण्यात जाऊ लागली होती. साल्व्हियाच्या घराण्यातील कित्येक फुलांची रचना ज्याने प्रथम शोधून काढली, त्या स्प्रेंगेल नावाच्या जर्मन शिक्षकाने 1793 साली यावर लिहिले तेव्हा त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही; मला मात्र ती रचना वाचताच ओळखीची वाटली. माशी मधासाठी फुलाच्या नळीत डोके खुपसते तेव्हा आत पुंकेसराची एक तरफ आडवी असते. तिला धक्का बसताच वरचे टोक खाली येते आणि आवक-जावक कारकुनाने टपालावर मारावा तसा परागाचा ठसा माशीच्या पाठीवर बसतो. पुढच्या, थोड्या अधिक वयाच्या फुलात तोच ठसा खाली झुकलेले स्त्रीकेसराचे टोक तपासून घेते. ठशाशिवाय मध नाही, असा एकूण दंडक. मायदेशी या ग्रेगीच्या लाल फुलांवर गुंजनपक्षी येतात. जालन्यात तो कोठून आणावा? त्याच्या जागी हंगामी म्हणून शिंजीर रुजू झाला. पण हा आमच्या मातीतला असल्यामुळे तो समोरच्या दाराने येईना. नाजूक बाकदार चोचीने फुलाच्या बुडाशी छिद्र पाडायचे, मध प्यायचा, आणि ठसा न घेता निघून जायचे. अशी कामे मागच्या दाराने करून नेणारे पुष्कळ लोक मी सेवेत असताना पाहिले आहेत; पण इतक्या देखण्या निळ्या-जांभळ्या पेहरावात कोणी आला नव्हता.

श्रावणातल्या सोमवारी सौभाग्यवतींनी तुंब्याची फुले वाटीत घेतली, आणि कदाचित माझ्यावर दया येऊन म्हणा, त्यावर साल्व्हियाची थोडी फुले ठेवली. देवळातल्या गुरवांनी ती नाकाशी नेली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नाना, हे तुळशीच्या भावकीतलं दिसतंय. तुळस महादेवाला चालत नाही."

मी त्यांच्या निदर्शनास आणले की ज्या तुंब्याचे फूल पिंडीवर विराजमान आहे, तोही तुळशीचाच भाऊबंद. ते क्षणभर घोटाळले. मग त्यांनी झाडाचा मूळ मुक्काम विचारला, आणि मेक्सिको ऐकल्यावर परदेशचे फूल म्हणून पुन्हा हात आखडला. तेव्हा ज्याच्याशिवाय आमचा दसरा उजाडत नाही तो झेंडूही तिकडचाच, ही हकीकत मला नाइलाजाने सांगावी लागली. मागच्या दसऱ्याचे तोरण गाभाऱ्याच्या दारावर अजून वाळून लटकत होते; गुरवांनी त्याच्याकडे संशयाने पाहिले, आणि फार बोलाचाली न करता माझी फुले पिंडीच्या एका कडेला ठेवली.

आम्ही निघालो तेव्हा ते पायऱ्यांपर्यंत मागे आले. देवळामागची जागा ओसाड पडली होती. गेल्या वर्षी त्यांनी तिथे जास्वंद लावली, परंतु नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्याने ती उन्हाळ्यातच गेली.

"नाना," ते आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला रोज पाणी लागत नाही म्हणता ना? मग एक फांदी द्या की लावायला."