व्हिसाजावई

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्हा परभणीकरांच्या कानावर बारशापासून पडते. ती कुणी काढली, कशावरून काढली, याची चौकशी गावात कुणी करत नाही. चौकशी केली आणि म्हण खोटी निघाली तर काय घ्या? जर्मनीला तर या नात्याचा पत्ताच नाही. मला मात्र आता पक्का पुरावा मिळालाय. पोरगी स्टुटगार्टला नोकरीला लागली, तिच्या मागं जावई निघाले, त्यांच्या मागं आम्ही म्हातारा-म्हातारी निघालो, आणि या सगळ्या निघानिघीत ध्यानात आलं, की दोन्हीकडचा कारभार सारखाच आहे. माणूस समोर धडधडीत उभा असला तरी तो आहे असा कागद लागतो.

हे मी अधिकारानं बोलतोय. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालोय. 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे' हा शेरा मी ज्या ज्या लोकांच्या अर्जावर मारला, त्या सगळ्यांचे तळतळाट जावयाच्या व्हिसाच्या वेळी एकदम फळाला आले, असं आमच्या मंडळींचं मत आहे.

आमच्याकडं गोष्टही जरा उलटी होती. लोकांच्या लेकी नवऱ्याच्या व्हिसावर परदेशी जातात. आमची लेक इंजिनिअर, तिच्या हातात युरोपचं ब्लू कार्ड, आणि जावईबापूंचं मानवतला खत-बियाण्याचं दुकान. म्हणजे जर्मनीच्या कायद्यानं नांदायला जायचं ते जावईबापूंनी. विहीणबाईंना हे समजावताना मला घाम फुटला. त्या म्हणाल्या, "इवाईबुवा, पोराला सासरी धाडायची रीत आमच्यात न्हाई." वसमत रोडवरच्या आमच्या शेजाऱ्यांनी यावर कडी केली. "घरजावई ऐकला होता, हा व्हिसाजावई लै भारी निघाला," म्हणाले. ते नाव असं चिकटलं, की किराणा दुकानदारसुद्धा विचारायला लागला, "काका, व्हिसाजावयाचं कुठवर आलं?"

आलं होतं ते ग्रामपंचायतीपाशी. लग्न जावयांच्या गावात झालेलं. पाच-सातशे पानं उठली, वरातीत घोडा बिथरला, सगळ्या गावानं पाहिलं. पण नोंदणी नव्हती. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहे. नमुना ड भरायचा, त्यावर नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्या घ्यायच्या, शंभराचं कोर्ट फी तिकीट डकवायचं. वाचायला सोपं आहे. आमचा पहिला साक्षीदार पुण्याला कंपनीत लागलेला. दुसरा लग्नातच रुसलेला, कारण त्याची पंक्त बसली तेव्हा बुंदी संपली होती. तिसरा सोयाबीन काढायला शेतात, तो म्हणे, "कागद बांधावर घेऊन या." बांधावर कागद नेला. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून त्यानं सही केली आणि जर्मनीला जाणाऱ्या त्या कागदाच्या कोपऱ्यात ग्रीसचं बोट उमटलं. ते बोट मी खोडरबरानं काढायला गेलो तर कागद विरायला लागला, म्हणून तसंच ठेवलं. भटजींनी मात्र लगेच सही केली, फक्त दक्षिणा पुन्हा घेतली.

मग नावांचा घोळ. परदेशी कचेरीला माणसाचं एकच नाव असतं असं वाटतं. आपल्याकडं बाईचं मधलं नाव लग्नाच्या मांडवात बदलतं. लेकीच्या पासपोर्टवर मधे मी होतो. लग्नानंतर कुणीतरी हौसेनं तिचं आधार कार्ड बदलून आणलं, तिथं मधे जावईबापू बसले आणि आडनावही सासरचं आलं. पत्रिकेवर चि. सौ. कां. लावून तिचं घरातलं लाडाचं नाव छापलेलं, आणि सासरी तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव चौथंच. चारही नावं शेजारी मांडली तर जावईबापूंच्या चार बायका दिसत होत्या. पासपोर्टवर लग्नानंतर नाव बदलायची सक्ती नाही, हे २०१७ साली खुद्द पंतप्रधानांनी जाहीर सांगितलंय. पण आपल्या हौसेला पंतप्रधान काय करणार? शेवटी 'या चारही नावांची बाई एकच' असं प्रतिज्ञापत्र केलं. मसुदा मीच लिहिला. तसा मसुदा मी नोकरीत असताना कुणी आणला असता तर मी त्यात तीन त्रुटी काढल्या असत्या.

व्हिसाच्या फायलीत लग्नाचे फोटोही जोडायचे ठरले, नातं खरं आहे हे दिसावं म्हणून. आता आपल्या लग्नातले फोटो बघा. नवरी खाली बघतेय. नवऱ्याच्या डोळ्यांतून होमाच्या धुरानं घळाघळा पाणी. मागं मामा हाताला धरून उभा. एकाही फोटोत दोघं एकमेकांकडं बघून हसत नाहीत. जर्मन साहेबाला वाटायचं, या पोराला जबरदस्तीनं उभा केलाय! हसरा फोटो एकच मिळाला, तो औंढा नागनाथला दर्शनाला गेले तेव्हाचा, आणि त्यातही मधे मी उभा होतो.

काही प्रकरणांत म्हणे जर्मन वकिलात आपला माणूस धाडून कागदांची खातरजमा करून घेते. आमच्याकडं कुणी आलं नाही याची मला अजून हळहळ वाटते. आला असता तर गावच्या पारावर त्याला तासाभरात पन्नास साक्षी मिळाल्या असत्या, आणि पन्नासही जण लग्नाविषयी एक शब्द न बोलता बुंदीविषयी बोलले असते.

भाषेच्या बाबतीत मात्र नशीब निघालं. जर्मनीत जोडीदाराकडं जायचं तर साधारणपणे जर्मनची ए-वन परीक्षा पास व्हावी लागते. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात त्यासाठी पोरं-पोरी रात्रीचा दिवस करतात. पण ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ती अट माफ. आमची मंडळी म्हणाली, "बारावीला जे जमलं नव्हतं ते झालं. परीक्षा न देता पास." पंचाहत्तर युरो फी भरली, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले आणि वाट बघत बसलो. वाट बघणं हा आमच्या जिल्ह्याचा धंदाच आहे. जूनमध्ये पावसाची, दिवाळीनंतर भावाची.

व्हिसा आला आणि घरात सामानाचं राजकारण सुरू झालं. तेवीस किलोची बॅग. त्यात परभणी मोती ज्वारीचं पीठ हवंच. आमच्या कृषी विद्यापीठाचं वाण आहे, तिथल्या भाकरीनं गावाचं नाव निघेल असा सगळ्यांचा हट्ट. कारळ्याची चटणी, लोणचं, गूळ हे बसलं. विहीणबाईंनी घरच्या म्हशीचं दोन किलो कढवलेलं तूप आणलं. मी नियम वाचून दाखवला: युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तूप, पेढे, खवा काही चालत नाही. विहीणबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू हा नियम मीच काढलाय. "तुपाला बंदी? मग तिथली माणसं जगत्यात कशावर?" ते तूप मग आम्ही दोन्ही घरांनी वाटून घेतलं. नियमाचा एवढा गोड फायदा मला नोकरीतही कधी झाला नव्हता.

जावई पोचले आणि त्यांचा भाव कसा वधारला ते ऐका. तिथं लग्न झालेल्या जोडप्याला कराचा वर्ग बदलून घेता येतो. एकाचीच कमाई असली तर त्याच्या पगारातून दरमहा कपात कमी होते. म्हणजे जावई नुसते घरात बसले तरी लेकीच्या हातात पैसे जास्त पडायला लागले. वर तिच्या सरकारी आरोग्य विम्यात बिनकमाईचा जोडीदार वेगळा हप्ता न भरता बसतो. आपल्याकडं घरात बसलेल्या जावयाची काय किंमत होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं सरकार त्याची कदर करतं.

अर्थात कागदांनी तिथंही पाठ सोडली नाही. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन नाव नोंदवायचं. त्याला घरमालकाचा दाखला लागतो. दाखला वाचून मला गहिवरून आलं, हुबेहूब आमचा रहिवासी दाखला! आणि दारावरच्या पत्रपेटीवर आडनाव नसेल तर टपाल परत जातं. पेटीवर लेकीचं, म्हणजे माझंच आडनाव होतं. जावयांचं बँकेचं पत्र त्यामुळं परत गेलं. मग त्यांनी माझ्या आडनावाखाली आपल्या आडनावाची चिठ्ठी चिकटवली. विहीणबाईंना मी तो फोटो अजून दाखवलेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमची पाळी आली. नव्वद युरोचा शेंगेन व्हिसा. लेकीनं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत एकोणतीस युरो भरून हमीपत्र घेतलं, की यांच्या खाण्यापिण्याची, औषधपाण्याची जबाबदारी माझी. तीस हजार युरोचा प्रवासविमा काढावा लागला. त्यात माणूस तिकडंच गेला तर देह परत धाडायचा खर्चही धरलेला असतो. मंडळी म्हणाली, "जाताना स्वस्तातलं तिकीट शोधताय आणि येतानाची एवढी चांगली सोय?" स्वस्तातलं तिकीट म्हणजे आखातात रात्रभर बाकावर बसवून ठेवणारं. दिवाळीला पुण्याहून गावी येणाऱ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही.

तुम्ही परत येणारच याचा पुरावा द्या, असं व्हिसावाल्यांचं म्हणणं असतं. मी पेन्शनचा आदेश लावला, बँकेचा उतारा लावला आणि वर जिंतूर तालुक्यातल्या साडेतीन एकराचा सातबारा, इंग्रजी भाषांतरासकट. भाषांतर करणाऱ्यानं 'पोटखराबा' या रकान्यापाशी हात टेकले. पण सातबारा असलेला मराठवाड्यातला माणूस जमीन सोडून जर्मनीत लपून राहील, ही कल्पनाच मुळात हास्यास्पद आहे. बांध कोरणारा शेजारी गावात असताना कुणाची छाती होईल?

स्टुटगार्टला उतरलो आणि स्टेशन पाहून उरलीसुरली परकेपणाची भावना गेली. पत्रे ठोकलेले, क्रेन उभ्या, बाणाच्या पाट्या बघत लांबचा वळसा. २०१० साली काम सुरू झालंय, २०१९ ला संपणार होतं. मी तिथंच जावयांना म्हटलं, "बापू, इथं करमेल तुम्हाला."

फिरायला आम्ही डॉइचलँड तिकीट काढलं. मे २०२३ मध्ये ते एकोणपन्नास युरोला सुरू झालं, आम्ही गेलो तेव्हा अठ्ठावन्न होतं, २०२६ पासून त्रेसष्ट झालंय. महिनाभर सगळ्या जर्मनीतल्या पॅसेंजर गाड्या, बस, ट्राम त्यात चालतात. फक्त वेगवान गाडीत पाय ठेवायचा नाही. आणि ते आपोआप पुढच्या महिन्याला चालू राहतं, दहा तारखेच्या आत बंद करावं लागतं. खर्चात राहून फिरणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. मंडळींचा पहिला सवाल, "बायांना अर्धं नाही?" मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं पूर्ण तिकिटात तिला अपमान वाटतो. गाड्या वेळेवर असतात ही तर निव्वळ ऐकीव गोष्ट. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या शंभरातल्या बासष्टच गाड्या वेळेवर पोचल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत. रद्द झालेली गाडी तर उशिरात धरतच नाहीत. हा हिशेब ज्यानं बसवला तो माणूस आमच्या कचेरीत शोभला असता.

मंडळींना खरा देश सापडला तो रिकाम्या बाटल्यांच्या यंत्रात. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेताना पंचवीस सेंट अनामत कापतात, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. पहिल्या दिवशी तिनं बाटली घालायच्या आधी स्वच्छ धुतली, पदरानं पुसली आणि देवाला वाहावी तशी त्या भोकात ठेवली. यंत्रानं ती गरगर फिरवली, गिळली आणि चिठ्ठी दिली. त्यानंतर आम्ही कुठल्याही बागेत गेलो की ती फुलं न बघता बाकांखाली बघायला लागली. चार बाटल्या म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास! आमच्या गल्लीतला भंगारवाला हा भाव ऐकून दोन मिनिटं गप्प होता.

जावईबापू आता तिथल्या एका रोपवाटिकेत कामाला लागलेत. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असते. मालकाला त्यांनी परभणी क्रांती भेंडीबद्दल सांगून ठेवलंय.

आता ज्यांच्या घरातलं कुणी जायच्या बेतात असेल त्यांना सांगणं एवढंच: आधार कार्डावरचं नाव बदलायची घाई करू नका, आणि लग्नाची नोंदणी नव्वद दिवसांच्या आत उरकून घ्या. साक्षीदार गावातच राहणारे बघा, आणि त्यांना पहिल्या पंक्तीला बसवा.