जुनी गाडी न विकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

एमएच ३६ पासिंगची, चौदा वर्षांची, चढावर धूर सोडणारी आणि सकाळी तीनदा सेल्फ मारल्याशिवाय जागी न होणारी मोटार दारात उभी असेल, तर ती दुरुस्त करावी की विकावी? तज्ज्ञांचा नियम सोपा आहे. येत्या वर्षाचा दुरुस्तीखर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर विकून मोकळे व्हावे. नियमात खोट नाही. अडचण एवढीच, की त्यातले दोन आकडे मालकाला कधी एका वेळी मिळत नाहीत. इंजिन खोलल्याशिवाय मिस्त्री खर्च सांगत नाही, आणि इंजिन खोललेल्या गाडीचा भाव गिऱ्हाईक सांगत नाही. म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या मोटारमालकांना माझी शिफारस अशी, की हा निर्णय घेण्याची सर्वांत तर्कशुद्ध रीत म्हणजे तो न घेणे. जिल्ह्यातली बरीच मंडळी ही रीत पाळतातच; तिला शास्त्राचा आधार तेवढा कोणी दिला नव्हता.

आधी किमतीचा पुरावा पाहू. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेर १५ टक्क्यांनी, तिसऱ्या वर्षाअखेर ३० टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्क्यांनी उतरते. पाच वर्षांनंतर तक्ताच संपतो. पुढची किंमत विमेदार आणि कंपनीने आपसांत ठरवायची. म्हणजे विम्याच्या शास्त्रानेही जिथे हात टेकले, तिथून तुमची गाडी नऊ वर्षे पुढे आली आहे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, आणि जुन्यांचे भाव त्यांच्यामागे उतरणे ओघानेच आले. यावरून विकण्याची योग्य वेळ मागच्या वर्षी होती, हे निर्विवाद सिद्ध होते. मागच्या वर्षीही ती त्याच्या मागच्या वर्षी होती. जी वेळ सदैव गेलेलीच असते, तिच्यासाठी घाई कसली?

आता हंगामाचा पुरावा, आणि खरा प्रश्न इथेच सुटतो. जिल्ह्याचे चलन धान आहे, तेव्हा हिशेबही क्विंटलमध्येच मांडावा. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. क्लच प्लेटचे काम सात हजारांचे धरले तर तीन क्विंटल गेले. इंजिन बांधायला पंचेचाळीस हजार धरले तर एकोणीस क्विंटल, म्हणजे चांगल्या पिकलेल्या एकरभराचा माल. हा हिशेब समोर आला की मालक विकण्याच्या गोष्टी करू लागतो. पण विकणार कधी? जूनमध्ये पऱ्हे टाकायचे असतात, पुढे रोवणी, आणि तेव्हा मालकाचा पैसा जसा चिखलात असतो तसाच गिऱ्हाइकाचाही. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते, आधारभूत खरेदी केंद्रावर काटा होतो, पण चुकारे खात्यावर पडलेले नसतात. तेवढ्यात गावोगावच्या मंडया सुरू होतात, झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात, पाहुण्यांना आणायचे-पोचवायचे असते. अशा वेळी गाडी विकणारा माणूस घरात तोंड दाखवू शकत नाही. चुकारे येतात तोवर लग्नसराई उभी राहते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की एसीत गॅस भरला जातो, आणि नुकता गॅस भरलेली गाडी विकणे म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठण्यासारखे. मग पुन्हा जून. बारा महिन्यांत विक्रीला मुहूर्त नाही, हा दोष मालकाचा नसून पंचांगाचा आहे.

यावर हिशेबी लोक म्हणतील, की आजवर गाडीत घातलेला पैसा विसरा, पुढचा खर्च तेवढा बघा. अर्थशास्त्राप्रमाणे ते बरोबर आहे. पण आपला मालक मागचा पैसा वसूल करायला दुरुस्ती करतच नाही. तो विकण्यासाठी दुरुस्ती करतो. दोन टायर बदलले तर भाव चांगला येईल, बॅटरी नवी टाकली तर गिऱ्हाइकासमोर एका सेल्फला सुरू होईल, थोडे डेंटिंग-पेंटिंग झाले तर फोटो बरे येतील. सगळे झाले की गाडी इतकी बरी चालू लागते, की आता कशाला विकायची? ती पुन्हा बिघडेपर्यंत विकाविशी वाटत नाही, आणि बिघडली की विकता येत नाही. सुटा भाग मिळत नाही ही तक्रारही ऐकू येते. लाखनी तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात मालमोटारींचे गिअरबॉक्स बनतात, तुमच्या मोटारीचा मात्र नागपूरहून मागवावा लागतो. तो येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये उभी, म्हणजे पेट्रोलची बचत. गाडी महिन्यातून चारदाच निघते, तेव्हा गरजेपुरती भाड्याने घ्या, असाही एक आक्षेप आहे. पण चालण्याचे काम ती चार दिवस करत असली, तरी दारात उभी राहण्याचे काम तीसही दिवस करते, आणि सोयरिकीची मंडळी घर बघायला येतात ती त्या उरलेल्या सव्वीस दिवसांतच.

सरकारी बाजू जरा अवघड आहे. पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण आले. त्याची फी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला आता १०,०००. वर पर्यावरण कर. स्वेच्छेने भंगारात काढण्याचे धोरण २०२१ मध्ये आणले ते नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्या खात्याने. त्यात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य धरले आहे. दिल्लीसारखी वयाची बंदी आपल्याकडे नाही, ही जमेची बाजू. पेट्रोलमध्ये मात्र आता वीस टक्के इथेनॉल असते, आणि काही जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, गॅस्केट लवकर बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. इथेनॉलसाठी अन्न महामंडळाचा तांदूळही जातो. म्हणजे धान विकून नळी बदलायची, आणि त्याच तांदळाने ती पुन्हा खराब व्हायची. शेतकऱ्याच्या मालाला इतकी खात्रीची मागणी दुसरी कोणती?

एवढे सांगूनही कोणी विकलीच, तर त्याच्यासाठी थोडे गंभीरपणे. टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या देऊन, पैसे मोजून घरी येऊ नये. विकणाऱ्याने चौदा दिवसांत फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत फॉर्म ३०. गिऱ्हाईक बालाघाटकडचे असेल तर आधी फॉर्म २८ ची एनओसी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात, गाडी हातोहात विकली गेली असतानाही, अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकालाच जबाबदार धरले. तेव्हा फॉर्मवर तारखेची जागा मोकळी सोडू नका. दलाल सोडायला सांगेलच. नाव चढवायला पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणेल, आणि पुढच्या आठवड्यात रोवणी असेल.