पिंजऱ्यात कुत्री कोंडून शहर सुटत नाही

११ ऑगस्ट २०२५. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचला आणि निवाऱ्यात ठेवा. सुरुवात पाच हजारांच्या सोयीने करा, सहा ते आठ आठवड्यांत. दिल्लीत कुत्री किती? अंदाज आठ ते दहा लाखांचे.

एका कुत्र्याच्या खाण्याला दिवसाला ४० रुपये धरू. दहा लाख कुत्र्यांचे झाले चार कोटी. वर्षाचे १,४६० कोटी. यात जागेचे भाडे नाही, डॉक्टर नाही, औषध नाही, पिंजरा धुणारा माणूसही नाही.

अकरा दिवसांत आदेश बदलला.

निर्बीजीकरण करा, लस टोचा, जिथून उचलले तिथेच सोडा. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वेगळी ठेवा. हे शहाणपणाचे होते. पण ७ नोव्हेंबरला पुढचा आदेश आला: शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका. म्हणजे निवारा आता प्रत्येक महापालिकेला लागणार. मग जागा शोधा, शेड बांधा, फीत कापा. शेडमध्ये पुढे काय होणार, हे कोण विचारतो?

साधा हिशेब आहे. शस्त्रक्रियेनंतर कुत्रे साधारण चार दिवस ठेवावे लागते. पिंजरा चार दिवसांनी मोकळा होत गेला, तर वर्षात त्यातून नव्वद कुत्री बरी होऊन बाहेर पडतात. त्याच पिंजऱ्यात एक धडधाकट कुत्रे कायमचे ठेवले, तर वर्षात किती?

शून्य.

शिवाय धडधाकट कुत्रे तिथे धडधाकट राहत नाही. दाटीवाटीत पार्व्हो पसरतो, डिस्टेंपर पसरतो, कुत्री एकमेकांना फाडतात. ज्याला रस्त्यावर काही झाले नव्हते, ते निवाऱ्यात मरते. रस्त्यावर मात्र शस्त्रक्रिया न झालेली मादी पुढच्या वेतात चार-सहा पिल्ले टाकून मोकळी होते. त्या पिल्लांना टोचायला कोणी जात नाही, कारण गाडी भरलेली आणि पिंजरेही भरलेले.

आता पैशाकडे या. बहुतेक ठिकाणी निर्बीजीकरणाचे काम ठेक्यावर दिले जाते. निविदा निघते, संस्था नेमली जाते, दर कुत्र्यामागे रक्कम ठरते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी यावर देखरेख समिती ठेवली, नोंदी ठेवायला लावल्या. बनवाबनवी नको म्हणून शस्त्रक्रियेत काढलेले अवयव मोजण्याची पद्धतही आहे. मोजा, जरूर मोजा.

पण वाचलेली कुत्री कोण मोजतो?

टाके पिकले, जखम उघडली, चौथ्याच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी सोडून दिले, भायखळ्याचे कुत्रे मुलुंडला उतरवले. यातल्या कशाने ठेकेदाराचे देयक कमी होते? नोंदवही कपाटात असते. तुम्ही-आम्ही ती पाहायला गेलो तर चहा मिळेल, वही मिळणार नाही.

नगावर पैसे देण्याची ही सवय फार जुनी आहे. १८३२ मध्ये मुंबईत भटके कुत्रे मारले की शिपायाला आठ आणे मिळत. आठ आण्यांसाठी शिपाई लोकांची पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतरही मुंबई १९९४ पर्यंत कुत्री मारतच होती. संपली का?

२०१४ च्या गणनेत मुंबईत ९५,१७२ भटकी कुत्री होती. दहा वर्षांनंतरच्या मोजणीत आकडा नव्वद हजारांच्या आसपास. निर्बीजीकरणाने संख्या थोपवता येते, पण ते रेटून आणि वॉर्डावॉर्डांत पुरे करावे लागते. अर्धवट सोडले की केलेले वाया जाते. रेबीजचेही तेच. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ७० टक्के कुत्र्यांना लस पोहोचली पाहिजे. तीस टक्क्यांवर थांबलात, तर टोचलेल्या सुयांचा उपयोग काय?

गोव्याने करून दाखवले. तिथे पथके गल्लोगल्ली फिरली, लस टोचली आणि कुठे टोचली ते मोबाइलवर जागेसकट नोंदवले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. शेजारचेच राज्य आहे. रेल्वेने एका रात्रीचा प्रवास.

देशात २०२४ मध्ये कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांवर घटना नोंदल्या गेल्या. त्या आकड्यात शाळेत जाणारी पोरे आहेत, पहाटे रस्ता झाडणाऱ्या बायका आहेत. त्यांना प्राणिमित्र आणि सोसायटीचे चेअरमन यांच्या भांडणात काहीही रस नाही. त्यांना आपल्या गल्लीतले कुत्रे टोचलेले हवे आहे. निर्बीजीकरणाची खूण म्हणून कानाला खाच असलेले हवे आहे.

म्हणून निवारा हा आधी दवाखाना असू द्या. आजारी, जखमी, पिसाळल्याचा संशय असलेले आणि शस्त्रक्रियेचे कुत्रे, एवढ्यांसाठीच. शाळा-रुग्णालयांतून हलवलेल्यांची जागा वेगळी, त्यांचा खर्चही वेगळा दाखवा, आणि त्यांना घर शोधायला रविवारी दार उघडे ठेवा. किती आली, किती बरी झाली, किती मेली, कुठे सोडली, हे दर आठवड्याला महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका. मेलेल्यांचा आकडा लपवणाऱ्या निवाऱ्यावर विश्वास का ठेवायचा?

आणि पुढच्या निविदेत एक अट घाला. शेवटचा हप्ता कुत्रे बरे होऊन, कानाच्या खाचेसह, मूळ जागी पोहोचल्याच्या छायाचित्रानंतरच. अशा अटीवर संस्था येणार नाहीत, असे अधिकारी सांगतील. न येवोत. महापालिकेने स्वतःचे पशुवैद्य नेमावेत आणि त्यांना महिन्याचा पगार द्यावा.