'प्रिय ग्राहक' म्हणणाऱ्या महाशयांस

मु. पो. रेवदंडा, ता. अलिबाग



आपलं नाव मला ठाऊक नाही. आपण कधी वीज असता, कधी गॅस, कधी पाण्याचा फिल्टर, कधी इंटरनेट. हाक मात्र नेहमी एकच, 'प्रिय ग्राहक'. एवढ्या मायेनं मला या घरात दुसरं कोणी बोलावत नाही. उत्तर द्यावं म्हटलं तर खाली लिहिलेलं असतं, 'या क्रमांकावर उत्तर पाठवू नये'. म्हणून नाइलाजानं चारचौघांत लिहितो आहे. राग नसावा.

प्रथम आभार मानतो. आपल्याला माझी जी काळजी आहे ती माझ्या पोरांनाही नाही. बिलाची मुदत संपायला पाच दिवस उरले की आपण कळवता, तीन उरले की पुन्हा कळवता, आणि मी भरून मोकळा झालो तरी 'भरलं असल्यास दुर्लक्ष करावे' म्हणून आणखी एकदा कळवता. एसीची सर्व्हिस करून घ्या म्हणता. आमच्याकडे एसी नाही, माजघर आहे. शेजारच्या बंगल्यातल्या तरणतलावाची सफाई करायची आठवणही मलाच येते, कारण मालक मुंबईला असतात आणि राखणदारानं नंबर विचारल्यावर माझा सांगितला. तलावाचं पाणी कधी बदललं हे आज अख्ख्या आळीत मालकांपेक्षा मला जास्त माहीत आहे.

चिमणीच्या डीप क्लीनिंगवर सवलत असल्याचंही आपण आठवड्यातून दोनदा सांगता. आमची चूल मागच्या पडवीत. तिच्यावर आंघोळीचं पाणी तापतं, सोडणं आणि करवंट्या जाळून. धूर कौलांच्या फटींतून आपला आपण निघून जातो. त्या फटींची सर्व्हिस वानरं करतात, वर्षाचे बारा महिने, कौलं उलटीपालटी करून, आणि जाताना पेरूही घेऊन जातात. पण ती निदान रेटिंग मागत नाहीत.

आता विजेची गोष्ट. 'मान्सूनपूर्व देखभालीसाठी उद्या सकाळी ९ ते ५ वीजपुरवठा बंद राहील' ही सूचना मला गेल्या वर्षी त्याच उद्याच्या संध्याकाळी मिळाली, पंखा फिरायला लागल्यावर. दोष आपला नव्हे. लाईट गेली की थोड्या वेळानं मोबाइलचा टॉवर मान टाकतो, आणि टॉवर नसला की लाईट जाणार असल्याचा निरोप यायचा कुठून? पूर्वी दवंडी असायची. तिला टॉवर लागत नसे, आणि ज्याच्या गळ्यात ढोल असे त्याला चौकात थांबवून चार प्रश्न विचारता येत. काही वेळा तो उत्तरही देई.

महाशय, आठवण करून देणं ही काही आपणच काढलेली गोष्ट नाही. कुंडलिकेच्या मुखावरच्या या गावात ती फार जुनी आहे. आमच्या बंदरावरच्या कोळ्याला विचारा आज भरती कधीची. तो मनात तिथीला तिनानं गुणतो, चारानं भागतो आणि सांगतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हिशेब ढोबळ आहे, इकडेतिकडे थोडं होतं, पण होडी चिखलात रुतत नाही. ना नोंदणी, ना ओटीपी. समुद्रानं आजवर कोणाला 'तांत्रिक अडचणीमुळे भरती उशिरा येईल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं कळवलेलं नाही.

मे महिन्याचंही तसंच. मृगाच्या आधी कौलं चाळून घ्यायची, पडवीला झापं बांधायची, बावीतला गाळ उपसायचा, आगोटीचा बाजार भरायचा. आमच्या घरी आढ्याला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगतात. डब्यात सुकट, जवळा आणि बोंबील बसवताना डब्याच्या झाकणाखाली वर्तमानपत्राचा कागद घालतात, म्हणजे ओल आत शिरत नाही आणि वास बाहेर येत नाही. (दुसरं पूर्णपणे खरं नाही.) १ जूनला मासेमारी बंद होते, म्हणून हे सगळं त्याच्या आत. हे कोणी कोणाला फोनवर कळवत नाही. समोरच्या घराच्या छपरावर माणूस चढलेला दिसला की आपण आपल्या छपराकडे बघायचं.

महाशय, आपल्या यादीत मात्र जिथं बिल आहे तिथंच आठवण आहे. आमचं गाव ज्या तटाच्या आत वसलंय तो पोर्तुगीजांचा. ठाणं त्यांनी १७४० मध्ये मराठ्यांना दिलं. आत फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा उभा आहे, लोक त्याला सातखणी म्हणतात. नाव सातखणी, पण सगळे खण आता उरलेले नाहीत. वडपिंपळांनी भिंतीत मुळं रोवली आहेत. त्याच्या देखभालीची मुदत टळून गेल्याचा संदेश मी कधी वाचला नाही. सातखणीला ग्राहक क्रमांक नाही, एवढंच तिचं चुकलं.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं मान्य करायला हवी. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा घेऊन. त्याचा इशारा आधी मिळाला होता. हवामान खात्यानं सांगितलं, प्रशासनानं किनाऱ्यावरची माणसं हलवली. म्हणजे मनात आणलं तर आधी सांगता येतं! पुढचं वेगळं. माड आणि विजेचे खांब एकमेकांच्या अंगावर पडले, मुरूड-श्रीवर्धनच्या बाजूला कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. आमचा फोन पुन्हा जिवंत झाला त्या दिवशी तुंबलेले सगळे निरोप एका दमात आले. पहिला नातेवाइकांचा असेल म्हणून घाईनं उघडला. आपला होता. बिल तयार होतं.

सरकारनं नंतर भरपाईचा दर ठरवला, माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. रोप लावल्यापासून माड धरायला सहा-सात वर्षं जातात. आपण फिल्टरची कँडल बदलायला याहून जास्त घेता, आणि ती सहा महिन्यांनी पुन्हा संपते. तुलना करू नये, पण आळीत सगळेच करतात.

तर आता मुद्द्यावर येतो. आपण मला इतक्या आठवणी दिल्यात, त्याची परतफेड म्हणून एक माझ्याकडून. आमच्या वाडीवरून आपल्या तारा जातात. गडग्यालगतच्या दोन माडांच्या झावळ्या त्यांना घासतात. वारा सुटला की रात्री ठिणगी दिसते, मग गल्लीतले सगळे दिवे एकदा मिचकतात आणि जातात. अर्ज दिलेला आहे. अर्जाला क्रमांक मिळालेला आहे. क्रमांकाचा संदेशही आला, 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे'. त्यानंतर 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?' असाही आला. मी बाहेर जाऊन पाहिलं. झावळ्या तारेलाच होत्या.

म्हणून विनंती अशी, की येत्या मे महिन्यात बाकीचे सगळे संदेश खुशाल थांबवा, एसीचा, चिमणीचा, बंगल्याच्या तलावाचासुद्धा. एकच पाठवा. झावळ्या तोडायला माणूस कुठल्या तारखेला आणि किती वाजता येणार, आणि त्याच्याकडे शिडी असेल का, एवढंच त्यात असू द्या. शिडी नसेल तरी हरकत नाही, तसं आदल्या दिवशी कळवा. आमची मागच्या पडवीत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रेवदंड्याचा एक वाडीवाला
(ग्राहक क्रमांक आपल्याकडे आहेच.)